दोन इंच मोकळी जागा: घोडबंदर रोडहून टिटवाळा, डोंबिवलीमार्गे

वस्तुस्थिती आधी क्रमाने मांडते. पहिली: घोडबंदर रोडवरच्या आमच्या सदनिकेची पश्चिमेकडची भिंत उन्हाळ्यात दुपारनंतर हात टेकू देत नाही. दुसरी: गेल्या मे महिन्यात त्याच भिंतीलगतच्या खोलीत माझे यजमान श्रीनिवास उष्माघाताने कोसळले. डॉक्टरांनी उकाडा वर्ज्य सांगितला आहे, आणि वातानुकूलित हवेने त्यांना खोकल्याची उबळ येते. तिसरी: म्हणून टिटवाळ्याला आमचे लहानसे घर उभे राहत असून त्यांच्या खोलीची पश्चिमेची भिंत दुहेरी योजली आहे. बाहेर विटांची एक भिंत, आत दुसरी, मध्ये दोन इंच हवा. उष्णता बाहेरच्या भिंतीशी अडावी आणि पावसाची ओल पोकळीतून खाली उतरून तळच्या छिद्रांवाटे निघून जावी, हा हेतू. चौथी: डोंबिवलीचे माझे धाकटे दीर वसंतभाऊजी यांनी अशीच भिंत बांधली, आणि ती पावसाळ्यात आतून ओली होते. पाचवी: टिटवाळ्याचे काम खिडकीच्या तळापर्यंत आले होते, भिंत दुहेरीच चढवायची की नेहमीची भरीव, याचे उत्तर ठेकेदाराला शनिवारी संध्याकाळपर्यंत हवे होते.

खोकणाऱ्या माणसाला ओल आलेली खोली देणे मला उकाड्याइतकेच अक्षम्य वाटते. म्हणून शनिवारी सकाळी स्वतः गाडी काढली.

या वाटेने जाणाऱ्यांसाठी पहिली सूचना: घोडबंदर रोड उजाडताच सोडावा. नंतर तो रस्ता राहत नाही, वाहनतळ होतो. माजिवड्याहून नाशिक महामार्गाला लागून मानकोलीला वळले आणि नव्या पुलाने खाडी ओलांडून डोंबिवली पश्चिमेत उतरले. शिळफाट्याचा वळसा वाचतो. खाली ओहोटीचा चिखल, त्यावर स्तब्ध उभे बगळे; इतके शांत दृश्य या शहरांच्या मधोमध शिल्लक आहे, याबद्दल कृतज्ञ राहावे. पश्चिमेतून पूर्वेला जाताना ती कृतज्ञता दोन सिग्नलांवर संपते.

भाऊजींचे बैठे घर पूर्वेच्या निवासी भागात आहे. दिवाणखान्यात शिरताच मी भिंतीकडे गेले. ताज्या रंगाखालून ओलीचा डाग स्पष्ट वर आला होता.

"पाहिलं? आपल्या पावसाला ही पद्धत मानवत नाही," मी निकाल दिला. "टिटवाळ्याला भरीव भिंत घालते."

"वहिनी, पेपर न उघडताच नापास करताय," भाऊजी म्हणाले.

"मग उघडायचा कसा?"

ते आत गेले आणि छिन्नी-हातोडा घेऊन आले. माझी जाऊ नलू स्वयंपाकघरातून धावत आली. "अहो, दिवाळीलाच रंग दिलाय!"

"रंग पुन्हा देता येईल. दादाच्या खोलीचं आज ठरायचंय."

मी नको म्हणाले. पुरेशा ठामपणे म्हणाले नाही, हेही नोंदवते. भाऊजींनी सोफा सरकवला, चादर अंथरली आणि आतल्या भिंतीच्या चार विटा एकेक करून मोकळ्या केल्या. मी आत मोजपट्टी घातली. ती शिरेना. विजेरी लावून पाहिले, तर पोकळी मुळी नव्हतीच. विटांचे तुकडे आणि वाळलेला सिमेंटचा माल मध्ये ठासून भरलेला. बाहेरच्या भिंतीची ओल त्या भरावातून सरळ आत येत होती.

नलू मटकन सोफ्यावर बसली आणि हसू लागली. "अहो, आठवतंय का? वास्तुशांतीला मिस्त्री काय म्हणालेला? ‘ताई, आतून एकदम ठोस करून दिलंय. पोकळ काम आपण करत नाय.’"

"आणि आपण काय केलं?" भाऊजींनी विचारले.

"शर्टपीस दिला, नारळ दिला! तुम्ही तर त्याच्याबरोबर फोटो काढलात!"

त्या गवंड्यावर रागावण्याचा मी प्रयत्न केला, जमले नाही. आपल्याकडे पोकळ काम म्हणजे लबाडीचे काम. माणसाने पदरचे कष्ट घालून प्रामाणिकपणा भरला होता, आणि घरच्यांनी त्याचा सत्कार केला होता. पोकळी कशासाठी आहे, हे मात्र त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

डोंबिवलीतल्या उपाहारगृहांची शिफारस मी करू शकत नाही, कारण नलूने जेवल्याशिवाय सोडले नाही. डाळिंब्यांची उसळ, तांदळाची भाकरी, आणि जेवणाच्या ताटासमोर भिंतीतले भगदाड.

भाऊजी केसांतल्या धुळीसकट माझ्याबरोबर निघाले. कल्याणात पत्रीपुलापाशी थांबावे लागणार हे गृहीत धरावे. पुढे शहाड, आंबिवली करत टिटवाळा गाठावे. मंगळवारी आणि चतुर्थीला ही वाट टाळावी. देवदर्शनाच्या गर्दीत विटांची गाडीही अडकते.

टिटवाळ्याच्या कामावरचे आमचे सुदाम मिस्त्री नुकतेच चहा संपवून उठत होते. मी थेट भिंतीशी जाऊन पोकळीत विजेरी धरली. तळाशी मालाचे गोळे आणि विटांचे तुकडे साचले होते.

"हे काय आहे?"

"थोडं पडतंच मॅडम. वरनं काम करतो ना आपण."

"थोडं थोडं साचूनच भरीव होतं."

"खरं सांगू? गावात सगळे विचारतात, ‘सुदाम, आता पोकळ भिंती बांधायला लागला का?’ लाज वाटते."

मी उत्तर देण्याआधी भाऊजींनी मोबाइल पुढे केला: त्यांचा दिवाणखाना, चार विटांचे भगदाड, आतला भराव. मिस्त्रींनी फोटो बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला.

"घर कोणाचं?"

"माझं. आज सकाळीच फोडलं."

"बायको बोलली नाय काय?"

"जेवायला घातलं."

मिस्त्री हसले. मग तळाच्या दोन विटा काढून त्यांनी पोकळी साफ केली. मालाबरोबर चहाचा एक कागदी कपही निघाला. पुढची पद्धत मी घालून दिली: पोकळीत बसेल अशी अरुंद फळी, दोन्ही टोकांना दोरी. पडणारा माल तिच्यावर झेलायचा, आणि दोन्ही भिंतींना बांधणाऱ्या तारांचा पुढचा थर बसवण्यापूर्वी ती वर ओढून झाडायची.

"म्हणजे विहिरीतनं पोहरा काढायचा," मिस्त्री म्हणाले.

"आणि कोणी हसलं तर?" मी विचारले.

"त्याला मे महिन्यात इथं बसवतो. मग हसू दे."

ठेकेदाराला जागेवरच कळवले: दुहेरी.

घरी पोहोचले तेव्हा श्रीनिवास पश्चिमेच्या खोलीपासून दूर, स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते. सगळे ऐकून त्यांनी एवढेच विचारले, "वशाने स्वतःची भिंत फोडली?"

मला या प्रवासातून मिळालेले ज्ञान पुस्तकात होते. पुस्तकात नव्हत्या त्या भाऊजींनी स्वतःच्या भिंतीतून काढलेल्या चार विटा. डोंबिवलीचे ते भगदाड अजून तसेच आहे. पूर्ण भिंत साफ करायची तर पावसाळ्याआधी सवड काढावी लागेल, तोवर नलूने त्यावर कॅलेंडर टांगले आहे.

तेव्हा वसंतभाऊजी आणि नलू, हे तुम्ही वाचणार आहातच. टिटवाळ्याचे घर पुरे होताच तुमच्या भिंतीचे काम सुदाम मिस्त्री फळी-दोरीसकट येऊन करतील, आणि तितके दिवस तुम्ही दोघांनी टिटवाळ्याला, त्याच पश्चिमेच्या खोलीत राहायचे आहे. श्रीनिवास दिवाणखान्यात झोपतील. हे त्यांचेच म्हणणे आहे. संमती लेखी कळवावी. फोनवरचे "बघू" हे उत्तर मी ग्राह्य धरत नाही.