पाठीवरचा पंचनामा

फौजीभाऊंना ‘काऊन’, म्हणजे ‘का’, हा प्रश्न चालत नसे. कुणी विचारलाच तर ते म्हणत, “काऊन नाई, कवा ते विचार.” सतरा वर्षं फौजेत काढलेल्या माणसाची ही सवय असेल, असं मी धरून चालले होते. ब्रह्मपुरीकडच्या जंगलाला लागून असलेल्या त्यांच्या गावात मी वनरक्षक म्हणून आले, ती माझी पहिलीच नेमणूक. मी गोंडपिपरीची, शेतकऱ्याची मुलगी. पण तिथं मी ‘जंगलवाली मॅडम’, म्हणजे परकीच.

मोहफुलांच्या दिवसांत बायका सकाळी जंगलात निघाल्या की भाऊ पुढे असत. गळ्यात शिट्टी, हातात तेलाचा रिकामा डबा. डबा बडवत ते चालायचे आणि बायकांचं वेचून होईपर्यंत उभेच राहायचे. एकदा मी म्हटलं, “बसा नं भाऊ.” तर म्हणाले, “बसलेला मानूस वाघाले जनावर दिसते.” घरी चार एकर धान होतं. पण वैनगंगेला पूर आला की डोंगा घेऊन ते काठच्या गावांत जायचे. कुणाला साप चावला की मोटारसायकलवर दोघांच्या मधात बसवून दवाखाना गाठायचे. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे वहिनी म्हणायचो. त्या मला म्हणत, “दुसऱ्याच्या घरी हे फौजी, आपल्या घरी पाहुने.” भाऊ ऐकून न ऐकल्यासारखं करत आणि भाजी वाढून घेत.

धान कापणीला आलं होतं. वहिनी बांधीच्या धुऱ्यावर, शेताच्या कडेला, गवत कापत होत्या. वाघानं त्यांना तिथंच धरलं.

मी पोचले तेव्हा सगळं गाव जमलेलं. माझ्याबरोबरचा मजूर गर्दी पाहून मागेच थांबला. कुणीतरी माझा मोबाइल हिसकावला. वहिनींचा भाऊ माझ्यासमोर येऊन म्हणाला, “वाघ तुमचा, त मानसं कोनाची?” मागून कुणी कॉलर ओढली आणि मी चिखलात पडले. मला एवढंच आठवतं की माझी टोपी पायदळी गेली आणि मी ती शोधत होते.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि भाऊ आले. शर्टाला रक्त लागलेलं. मी मान वर केली तेव्हा ते माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, “पंचनामा लिवा, मॅडम.”

कुणाला काही कळेना. मलाही नाही. मी कागद काढला, पण सगळीकडे चिखल, कागद टेकवायला काहीच नव्हतं. भाऊ वळले, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि म्हणाले, “पाठीवर ठेवा.”

मी त्यांच्या पाठीवर कागद ठेवून त्यांच्या बायकोचा मृत्यू लिहिला. नाव, वय, विळा कुठं पडला होता, गवताचे किती भारे बांधून झाले होते. ते सांगत होते, मी लिहीत होते. आवाज सरळ होता. कागदाखाली पाठ मात्र वरखाली होत होती. माझ्या अंगाला मग कुणी हात लावला नाही.

गावानं त्यांना माफ केलं नाही. “बायको मेली अन् हा जंगलवाल्याईचं पाहून राह्यला,” असं लोक तोंडावर म्हणत. मेहुण्यानं घरी येणं सोडलं. आणि भाऊ नव्या तांदळाची पिशवी घेऊन माझ्या क्वार्टरवर आले. ती घ्यावी की नाही, मला समजेना. शेवटी घेतली.

दोन महिन्यांनी वहिनींना मारणारी वाघीण पिंजऱ्यात आली. भाऊंनी तिला पाहायचं म्हटलं, म्हणून मी घेऊन गेले. ते जाळीजवळ थांबले, म्हणाले, “हिले पानी पाजलं का?” आणि जीपमागं जाऊन ओकले.

त्या दिवशी तुम्ही मधात काऊन आलात, हे मी त्यांना तीनदा विचारलं. एकदा म्हणाले, “तुमच्या घरी कोनी वाट पाहत असन.” एकदा म्हणाले, “फौजेत तसंच शिकवते.” तिसऱ्यांदा म्हणाले, “भूक लागली होती, भांडन आटपवाचं होतं.”

माझी बदली कुरखेड्याला झाली. भाऊ ब्रह्मपुरीच्या स्टँडवर पोचवायला आले. बस लागली, बॅग वर चढवली, आणि खाली उभे राहून खिडकीशी म्हणाले, “बाई, मी तुमाले वाचवाले नोतो आलो.”

“मग?”

“माराले आलतो. हातात कुऱ्हाड होती. तुमी टोपी शोधून राह्यल्या होत्या. मंग कुऱ्हाड कोनाजवळ देल्ली, पंचनाम्याचं कसं बोललो, मले काईच आठवत नाई. लय आठवून पाह्यलं.”

ड्रायव्हरनं गाडी काढली.

गेल्या वर्षी भाऊ गेले. निरोप उशिरा मिळाला, तरी मी गेले. साध्या साडीत होते, म्हणून कुणी ओळखलं नाही. दारातल्या एका म्हातारीनं वाट अडवून विचारलं, “तू त्याची कोन व्हय वं?”

मी तशीच उभी राहिले. शेवटी तीच सरकली आणि मला तिनं बायकांत बसायला जागा करून दिली.