मामाचा ऑपेरा आणि कोरसवाल्या बाई

माझा मामा कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचा ठसा पाठवायचे आणि मामा घराच्या तळमजल्यावरच्या खोलीत बसून मेणात एकेक दात रोवत कवळी उभी करायचा. खोलीभर प्लास्टरची पांढरी धूळ, एक छोटा बर्नर, फळीवर ओळीने मांडलेले लोकांचे जबडे, आणि या सगळ्यावर कडी म्हणजे ऑपेरा. आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो. आमच्याकडे भाजी चिरली जात असो, अभ्यास चालू असो की भांडण, खाली कुणी ना कुणी बाई वरचा सूर लावून मरत असायची.

"मरायचंय तर मर ना बाई एकदाची!" आई जिन्यातून ओरडायची. तिचा धाकटा भाऊ होता तो, त्यामुळे तिला ओरडायचा हक्क होता.

मामाला हेच खपायचं नाही. "त्यांना मरायला एवढा वेळ का लागतो?" असं कुणी विचारलं की त्याचा पारा चढायचा. "तुम्हाला कसली घाई आहे?" तो विचारायचा. "ती मरतेय, तिला घाई नाही. तुम्हाला मात्र घाई!"

त्याला इटालियन येत नव्हतं. संगीतही तो शिकला नव्हता. तरुणपणी रेडिओवर एकदा एक आवाज कानावर पडला आणि हा माणूस कामातून गेला. मग त्याने मिळेल ते वाचलं, मिळेल ते ऐकलं आणि सगळ्यांवर चिडायला लागला. त्याच्या चिडण्याला काळाचं बंधन नव्हतं. रॉसिनीवर तर त्याचा घरच्या माणसावर असावा तसा राग. "चाळिशीच्या आत एवढे ऑपेरा लिहिले, आणि मग? थांबला! पुढे जवळजवळ चाळीस वर्षं जगला आणि एक ऑपेरा लिहिला नाही. जेवत बसला! आणि इकडे बेलिनी बिचारा चौतिशीही न गाठता गेला. ज्याला वेळ हवा होता त्याला मिळाला नाही, आणि ज्याला मिळाला तो ताटावर बसला." पाच-पाच तासांचे ऑपेरा लिहिणाऱ्या वाग्नरचं नाव काढलं की मामाला बसल्या जागी अवघडायला व्हायचं. त्याचा लाडका वेर्दी आणि हा वाग्नर एकाच वर्षी जन्मले हा त्याला नशिबाचा थिल्लरपणा वाटायचा.

"अहो, मेलेत ते सगळे," मामी म्हणायची. "आता कुणावर तडतडताय?"

"म्हणून काय झालं?"

आजचे गायक तर त्याच्या हिशेबात नव्हतेच. जे गायचे ते गेले, आता उरलेत ते ओरडतात, असं त्याचं ठाम मत. म्हणूनच की काय, एवढ्या वर्षांत त्याने प्रत्यक्ष ऑपेरा कधी पाहिला नव्हता. आमच्या गावात तो होत नव्हता हे खरं, पण दोन-अडीच तासांवरच्या शहरात व्हायचा. मामा गेला नाही. खोलीत बसून, आवाज हवा तेवढा वाढवून, नको तो भाग बटण दाबून पुढे ढकलून तो आपला ऑपेरा ऐकायचा. नको तो भाग म्हणजे बहुतेक वेळा कोरस. दहावीस जण एकदम गायला लागले की मामाचं बोट बटणावर. "ही भरताड आहे," तो म्हणायचा. "नायिकेला साडी बदलायला वेळ मिळावा म्हणून असते." साडी हा त्याचा शब्द.

अशात कोरसवाल्या बाई आल्या.

एरवी पेशंट मामाकडे यायचे नाहीत. पण या बाईंच्या नव्या कवळीतून 'स' म्हणताना शिट्टी वाजायची. डॉक्टरांनी दोनदा घासून पाहिली, मग वैतागून त्यांना थेट मामाकडेच धाडलं. सत्तरीच्या पुढच्या, ठेंगण्या, दार ढकलून सरळ आत येणाऱ्या. मी तेव्हा मामाच्या पावत्या लिहायला खाली बसायचे, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

"एकसष्टपासून अडुसष्टपर्यंत मोजा," मामा म्हणाला. 'स' तपासायची ही त्याची पद्धत.

बाईंनी मोजलं. पासष्टला अशी शिट्टी वाजली की बाहेरचा कुत्रा उठून बसला.

मामाने कवळी हातात घेतली, टाळूकडची बाजू उजेडात धरून पाहिली आणि घासायला लागला. मागे त्याची एक लाडकी गायिका विष पिऊन गात होती. बाई थोडा वेळ ऐकत बसल्या आणि बिनदातांच्या तोंडाने म्हणाल्या, "हिला पुढच्या सुरापर्यंत श्वास पुरायचा नाही. बघा हं."

मामाचा हात थांबला. "पुरतो. हजार वेळा ऐकलंय मी."

"पुरतो कारण तिथे दोन वेळचं रेकॉर्डिंग जोडलंय. नीट ऐका."

मामाने दातओठ खाल्ले, ज्याची सोय त्या क्षणी बाईंकडे नव्हती. तेव्हा कळलं की बाई एका ऑपेरा कंपनीत कोरसमध्ये गायच्या. जवळजवळ सगळी उमर त्यांनी दासी, गावकरी, जिप्सी आणि लग्नाचे पाहुणे होण्यात घालवली होती.

मी मनात म्हटलं, आता मामा यांच्या पायाच पडेल. कसलं काय! तो अजूनच चिडला. ज्या मोठ्या गायिकांची त्याने मनात देवळं बांधली होती, त्यांच्यातल्या एकीच्या मागे बाई उभ्या राहिल्या होत्या. त्यांना तिच्याबद्दल एवढंच आठवत होतं की ती आपल्या झग्याचा घोळ दुसऱ्यांच्या पायांवर टाकायची.

"गायची कशी, ते सांगा!" मामा म्हणाला.

"आम्ही मागे असायचो हो. आवाज पुढे जातो. आम्हाला तिची पाठ दिसायची. घामाने भिजलेली."

मामाने कपाळावर हात मारला.

कवळी काही एका खेपेत बसली नाही. शिट्टी गेली तर हिरडीला टोचायला लागली, हिरडीचं जमलं तर 'फ' बिघडला. बाई येत राहिल्या आणि दर खेपेला वाद. मामाने रॉसिनीची तक्रार मांडली तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या, "बरं केलं त्याने. काम केलं, दमला, जेवला. तुम्ही काय त्याचे मुकादम आहात का?" मामा आठवडाभर त्यांचं नाव घेईना. मामीने मात्र त्या दिवशी बाईंना चहासोबत बिस्किटांची अख्खी बशी दिली.

मग शहरात एक फिरती कंपनी आली. बाईंच्या ओळखीचं कुणी त्यात होतं. त्यांनी रविवारच्या दुपारची तीन तिकिटं मिळवली. मामा नाही म्हणाला. मग परत नाही म्हणाला. शेवटी बाई म्हणाल्या, "घाबरता की काय?" आणि मामा शर्टाला इस्त्री करायला लागला. मामीने यायचं साफ नाकारलं. "तिथे आवाज कमी करायचं बटण नाही," ती म्हणाली. तिच्या तिकिटावर मी गेले.

मामाचा वैताग बसमध्येच सुरू झाला होता, थिएटरात तो फुलला. खुर्ची अरुंद होती. पुढच्या माणसाचं डोकं मोठं होतं. पडदा उघडायच्या आधी एक जण येऊन सांगून गेला की मुख्य गायिकेला सर्दी झाली आहे, तिच्या जागी दुसरी गाईल. आणि पडदा उघडला तर राजा सुटाबुटात, हातात ब्रीफकेस.

"हा राजा आहे की विमा एजंट?" मामा पुटपुटला.

पण खरा घाव वेगळाच होता. पहिलं गाणं सुरू झालं तसा मामा खुर्चीच्या टोकावर आला. माझ्या कानाशी लागून म्हणाला, "एवढाच आवाज?"

आवाज लहान नव्हता. पण माणसाच्या आवाजाएवढा होता. मामाने आयुष्यभर तो बटण फिरवून खोलीपेक्षा मोठा केलेला ऐकला होता. इथे तो लांबून, वाद्यांच्या वरून तरंगत यायचा, वाटेत कुणी खोकलं तर अडखळायचा. मामाचा चेहरा पडला. मध्यंतरात त्याने गार झालेला चहा तक्रार न करता पिऊन टाकला. माझा मामा आणि तक्रार नाही! मला भीतीच वाटली.

दुसऱ्या अंकात रंगमंच रिकामा झाला आणि कोरसच्या बायका आल्या. समुद्रावर गेलेल्या माणसांची वाट बघणाऱ्या बायका, काळ्या कपड्यांत. मामाचं बोट आपसूक खुर्चीच्या हातावर दाबलं गेलेलं मी पाहिलं. पण इथे पुढे ढकलायची सोय नव्हती.

गाणं सुरू व्हायच्या आधी त्या बायकांनी श्वास घेतला. सगळ्यांनी मिळून. तो ऐकू आला. आणि माझ्या शेजारच्या खुर्चीतून, त्याच क्षणी, तसाच दुसरा श्वास ऐकू आला. बाई समोर बघत बसल्या होत्या, ओठ मिटलेले, पण ओळ संपली की त्या बायकांबरोबर छाती भरून घ्यायच्या. मामा वळून त्यांच्याकडे बघत राहिला. मंचाकडे त्याने जेमतेम पाहिलं.

बाहेर पडल्यावर तो भडकला, पण कुणावर ते कळेना. "सीडीवर हा श्वास का नाही?" तो फुटपाथवर म्हणाला.

"असतो," बाई म्हणाल्या. "काही वेळा पुसतात. आणि तुम्ही कुठे ऐकता तो भाग?"

"म्हणजे एवढी वर्षं मी…" मामाने वाक्य सोडून दिलं आणि रिक्षावाल्याशी भांडायला गेला.

नंतरच्या दिवसांत खालून वेगळेच आवाज यायला लागले. मामा नायिकांना पुढे ढकलून कोरस ऐकत होता. आईने वाकून बघितलं, काही बिघडलंय का म्हणून. कवळीही एकदाची बसली. एकसष्ट ते अडुसष्ट, एक शिट्टी नाही. मामाने कवळी हातात देताना जरा घुटमळून विचारलं, "आता काहीतरी गाऊन दाखवा की."

"एकटी?" बाईंना खरंच नवल वाटलं. "मी एकटी कधी गायलेच नाही हो. गायचंच असेल तर तुम्ही या. शाळेच्या हॉलमध्ये आमचं मंडळ जमतं, बुधवारी."

आणि मामा गेला. ज्याने जगातल्या गायकांची उभ्या जन्मात पाठ थोपटली नाही, तो साठीला टेकल्यावर मंडळात गायला गेला आणि पहिल्याच दिवशी उघड झालं की त्याला सूर लागत नाही. अजिबात नाही. कानात सगळं होतं, गळ्यात काही उतरत नव्हतं. मंडळ चालवणाऱ्या तरुण बाईने त्याला शेवटच्या रांगेत उभं केलं आणि नम्रपणे सांगितलं, "काका, तुम्ही थोडं हळू गा."

घरी येऊन त्याने जो तमाशा केला! त्या मुलीला ताल कळत नाही, हॉलमध्ये आवाज घुमतो, रांगेत शेजारी उभा राहणारा पोस्टमन नाकात गातो. वर्षभर आम्ही दर बुधवारी हेच ऐकलं. मामीने एकदा न राहवून विचारलं, "अहो, एवढा त्रास होतो तर जाता कशाला?"

मामा बूट काढत होता. "कशाला म्हणजे? पोस्टमनचा श्वास मध्येच तुटतो, त्याला आधार द्यायला कुणीतरी नको?" असं म्हणून त्याने दुसरा बूट जोरात कोपऱ्यात भिरकावला.