मोटर न जाणाऱ्या वाटेनं सदूचं लग्न

किस्से कोणी ठरवून साठवत नाही. आम्ही रविवारी सायकली काढायचो त्या हवा खायला, आणि परत यायचो ते धोतराला तांबडी माती नि गावाला आठवडाभर पुरेल इतकी चेष्टा घेऊन. त्यातून सदूचं लग्न जमेना. त्या दोन-तीन वर्षांत तर इतके किस्से झाले, की एक सदू सोडला तर सगळे मजेत होते!

आमचं मंडळ तिघांचं. दामूअण्णा वकिलाकडे कारकून, म्हणून प्रेसिडेंट. मी कचेरीत, म्हणून सेक्रेटरी. आणि शाळेतला ड्रॉइंग मास्तर सदू, म्हणजे उरलेलं सगळं मंडळ. रत्नागिरीत तेव्हा उतारूंच्या सर्व्हिस मोटरी नव्यानंच धावू लागल्या होत्या. त्यातल्या एकीनं मागून असा काही हॉर्न दिला, की दामूअण्णा सायकलीसकट गटारात! बाहेर आले ते शपथ घेऊनच. "ज्या वाटेनं मोटर जाते, त्या वाटेनं आपण जायचं नाही!"

गटारात ते पडले, शपथ मात्र आम्हालाही घ्यावी लागली. तेव्हापासून आम्ही सड्यावरच्या उघड्या कातळावरून, पाटाच्या कडेनं, तळ्याकाठानं आणि खाडीच्या बांधावरून हिंडायचो. हवा उत्तम, मोटर नाही आणि धड रस्ताही नाही.

*

सदूला मुलगी पाहायला मिरजोळ्याला जायचं होतं. चांगला सरळ रस्ता होता.

"मोटर जाते," दामूअण्णा म्हणाले. झालं! निघालो सड्यावरून. उन्हाळ्याचे दिवस, जांभ्या दगडाची तांबडी धूळ. सदूचा पांढरा कोट, पांढरं धोतर आणि खुद्द सदू, तिघंही एकाच रंगाचे झाले.

चढावर आम्ही दोघं मागे राहिलो, सदू एकटाच पुढे पोचला. मुलीकडे विहिरीचं बांधकाम चाललं होतं आणि चिरे वाहायला गडी यायचा होता. घरच्यांनी कुंपणाशी उभा असलेला तांबडालाल सदू पाहिला, मागच्या अंगणात नेला, गूळपाणी दिलं आणि चिऱ्यांचा ढीग दाखवला. सदूचा स्वभाव असा, की 'नाही' म्हणायला त्याला अर्धा दिवस लागतो. आम्ही पोचलो तोवर निम्मा ढीग विहिरीपाशी गेला होता!

मुलीचे वडील पुढच्या ओटीवर वाट बघत बसलेले. आम्हाला म्हणाले, "मुलाचा अजून पत्ता नाही बघा. पण आज गडी मात्र फर्स्ट क्लास मिळालाय!"

ते स्थळ गेलं. गडी म्हणून त्यांनी सदूला पुन्हा बोलावलं होतं, पण शाळेत रजा शिल्लक नव्हती.

*

पोफळीच्या बागांना पाटाचं पाणी पाळीनं मिळतं. एका बागेची पाळी संपली की वरचा पाणी सोडतो आणि खालचा घेतो. या पाळीपायी सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत. अशा त्या पाटात एका रविवारी दामूअण्णा पडले!

दामूअण्णा अंगानं भरलेले आणि पाट अरुंद. ते त्यात असे घट्ट बसले, की पाणी तुंबलं आणि उलट फिरून वरच्या बागेत शिरलं. खालचा बागवाला बोंबलत आला, "माजं पानी तोडलाव! उठा आदी!"

तेवढ्यात वरचा बागवाला धावत आला. त्याच्या चेहऱ्यावर काय ती माया! "अण्णानू, घाई करू नका. मुका मार वंगाळ. जरा पडून ऱ्हवा!" खालचा हात धरून ओढतोय, वरचा खांदा दाबून विश्रांती देतोय, आणि मध्ये आमचे प्रेसिडेंट नाकापर्यंत पाण्यात! मी आणि सदूनं कसंबसं ओढून काढलं तेव्हा त्यांच्या तोंडातून शपथेऐवजी नुसतं पाणी निघालं.

चार दिवसांनी वरचा बागवाला शहाळी घेऊन दामूअण्णांच्या दारात हजर. "रयवारी येताव ना आमच्याकडं? आमची पाळी शनवारीच संपताय!"

*

सदूचं दुसरं स्थळ एका देवळाच्या तळ्यापलीकडे होतं. तळ्याकाठची वाट सुरेख, सावलीची. पण तिथं गावकऱ्यांनी अडवलं. देवाच्या तळ्यावरून असलं लोखंडी जनावर कधी गेलेलं नव्हतं. देवाला विचारायला हवं! गुरवानं देवाला भिजवलेल्या कळ्या चिकटवल्या आणि आम्ही हात जोडून उभे राहिलो. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बराच वेळ देव विचार करत होता. शेवटी उजवी पडली.

आनंदानं गेलो. मुलगी पाहिली. या वेळी सदूला गडी समजलं नाही, हीच मोठी प्रगती! मुलीचे वडील "दोन दिवसांत कळवतो" म्हणाले, तेही हसून. परत तळ्याशी आलो तर गुरव आडवा.

"थांबा! मगाशी जायाचा कौल लावला व्हता. यायाचा लावला नाय."

पुन्हा कळ्या चिकटवल्या. या वेळी देवानं मुळीच विचार केला नाही. डावी!

"मग आम्ही काय इथंच राहायचं?" सदू रडकुंडीला आला.

"ऱ्हवा की," गुरव म्हणाला. "पोरगी बगायलाच आलाव ना!"

सायकली डोक्यावर घेऊन करवंदीच्या जाळ्यांतून वळसा घालून आम्ही घरी पोचलो. पण देवानं नवऱ्या मुलाला डावा कौल दिल्याची बातमी मात्र तळ्यावरूनच सरळ मुलीकडे पोचली. दुसरं स्थळही गेलं. दामूअण्णांनी सदूच्या पाठीवर हात ठेवून सांत्वन केलं, "मोटरीलाही डावाच मिळाला असता!"

*

तिसऱ्या स्थळाला सदू आम्हाला न सांगता एकटाच गेला. खाडीपलीकडचे खोत, त्यांची मुलगी वत्सला. हा भला माणूस तिथंही शपथ पाळून बांधावरूनच गेला, आणि गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन ओटीवर उभा राहिला. वत्सला पोह्यांची बशी घेऊन आली, तिनं पायांकडे पाहिलं, बशी खाली ठेवली आणि आधी पाण्याचा तांब्या आणून दिला. हे सदूनं मला तीनदा सांगितलं. खरं सांगतो, तिन्ही वेळा मी ऐकलं. इतक्या वर्षांत त्याला कोणी पाय धुवायला पाणी दिलं नव्हतं, चिरेच दाखवले होते.

खोतांनी होकार दिला. त्यांनी नवी मोटर घेतली होती, पंचक्रोशीत घरची अशी पहिलीच. त्यांची एकच अट होती. नवरदेव मोटरीतून मांडवात उतरला पाहिजे!

सदूनं दामूअण्णांच्या विनवण्या केल्या. "अण्णा, हे स्थळ मोडलं तर माझं लग्न या जन्मी होत नाही. एक दिवस शपथ बाजूला ठेवा."

"शपथ म्हणजे शपथ," दामूअण्णा म्हणाले. "आज मोटरीत बसलास तर जन्मभर सासऱ्याच्या मागच्या सीटवर बसशील!"

आणि 'नाही' म्हणता न येणारा सदू लग्नाच्या दिवशी सकाळी सायकलवर बसला. वऱ्हाड, त्यात दामूअण्णांची बायकोही, आदल्या दिवशीच बैलगाड्यांनी पुढे गेलं होतं. दामूअण्णांची सायकल ऐन वेळी पंक्चर निघाली. "तुम्ही व्हा पुढे, मी येतोच," म्हणाले. मी आणि सदू बांधानं निघालो. मुंडावळ्या मळू नयेत म्हणून सदूनं त्या हॅंडलला बांधल्या होत्या.

निम्म्या वाटेवर भरतीनं बांध फोडून खांड पाडलेली! सायकली डोक्यावर घेऊन कमरेइतक्या चिखलातून पलीकडे गेलो. मुहूर्ताला थोडाच वेळ उरला असताना सदूनं मुंडावळ्या कपाळाला बांधल्या आणि आम्ही मांडवात शिरलो. सदूच्या अंगावर मुंडावळ्या सोडल्या तर काहीच ओळखू येत नव्हतं.

त्याच वेळी दारात हॉर्न वाजला. ताशेवाले धावले. मोटरीचं दार उघडलं आणि आतून कडक इस्त्रीच्या कोटात दामूअण्णा उतरले!

खोतांचा चेहरा लाल झाला. "मी मोटर नवरदेवाला पाठवली होती!"

"हो ना," दामूअण्णा म्हणाले. "पण रिकामी परत आली असती तर तुमचा अपमान झाला असता!"

खोत कडाडले. "ज्याला माझ्या मोटरीचा मान राखता येत नाही, त्याला माझी मुलगी मिळणार नाही! लग्न मोडलं!"

ताशे थांबले. सदू मुकाट्यानं कपाळाच्या मुंडावळ्या सोडू लागला. आणि आतल्या खोलीतून, जिथं वत्सला गौरीहराशी बसली होती, तिचा स्वच्छ आवाज आला.

"बाबा, मोटरीतून उतरेल त्यालाच द्यायची असेल तर त्या अण्णांशी लावा माझं. फक्त त्यांची बायको इथंच माझ्या शेजारी बसली आहे, तिला एकदा विचारून घ्या!"

खोतांनी चिखलातल्या सदूकडे पाहिलं, इस्त्रीतल्या दामूअण्णांकडे पाहिलं, आणि एकदम गरजले, "भटजी, बघता काय? अंतरपाट धरा! आणि कोणीतरी याच्या पायांवर पाणी घाला रे!"

ताशे पुन्हा सुरू व्हायच्या आत आतून दामूअण्णांच्या बायकोचा आवाज आला.

"विचारायचं काय त्यात? न्या की! पण एकदा नेलंत की परत आणून सोडायचं नाही!"