काल कुठं जायचं होतं?

आमच्या ऑफिसात डेटापेक्षा किस्सेच जास्त साठतात. डेटा आम्ही साफ करून कॉम्प्युटरात ठेवतो. किस्से मळकेच राहतात, म्हणून टिकतात बहुतेक!

कोल्हापूर जिल्ह्यातले लोक कशावरून फिरतात, विजेच्या गाड्यांकडे खरंच वळलेत का, हे घरोघर विचारून आकडेवारी मांडायची, हे आमचं काम. प्रमुख कांबळे सर, संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. शंका आली की त्यांचे दोनच शब्द: "परत जा!"

*

कळंब्यात आमच्या संगीताला सॅम्पलसाठी निवडलेलं एक घर बंद दिसलं. ऊन रणरणत होतं. तिने शेजारच्या घरात विचारून काम उरकलं.

सर म्हणाले, "दुपारी घरी असणाऱ्यांनाच विचारलंस, तर अख्खं कोल्हापूर घरात बसून आहे असं निघेल. परत जा!"

गेली, तर पुन्हा कुलूप. शेवटी एकदा भल्या सकाळी घरमालक सापडले. "पावणं, शेजारी म्हनत हुतं, लई हेलपाटं घातलासा! आता च्या घेतल्याबिगर सोडत न्हाय!"

*

पेठ वडगावात एका दारात नवीकोरी इलेक्ट्रिक स्कूटर होती, हार वाळलेला. मी खुशीत लिहून आणलं. सरांनी विचारलं, "रोज तिच्यावरून जातात का? परत जा!"

मालक म्हणाले, "मळ्यात जुन्या पेट्रोलच्या गाडीवरनंच जातोय की! नवी चिखलात घालू व्हय?"

"मग ही कशाला घेतली?"

"सोयरिकीला आलेल्यांनी बघाया!"

तेव्हापासून आम्ही गाडी कुठली आहे एवढ्यावर थांबत नाही. काल कशावरून गेलात, तेही विचारतो.

*

नव्या इलेक्ट्रिक बस कुठल्या मार्गांवर द्यायच्या, याची मीटिंग होती. चंदगडकडच्या एका वाडीची संध्याकाळची बस बंद झाली होती. एसटीचे एक तरुण साहेब म्हणाले, "तिथं सकाळची बसही रिकामीच जाते. म्हणजे गरज नाही. मार्गच बंद करू."

सर शांतपणे म्हणाले, "परतीची गाडी नसेल तर जाणारी रिकामीच राहणार. तुम्ही बसमधली माणसं मोजलीत. घरी राहिलेली कोण मोजणार?"

"ती कशी मोजायची?"

"विचारून."

आमच्या प्रश्नांत त्या दिवशी एका प्रश्नाची भर पडली: काल कुठं जायचं होतं, आणि जाता आलं नाही?

ती वाडी सरांचीच, हे त्यांनी मीटिंगमध्ये सांगितलं नाही.

*

वाडीतली घरं चिठ्ठ्या टाकून निवडली. त्यात सरांच्या थोरल्या बहिणीचं, अक्कांचं घर निघालं. आमचा ड्रायव्हर म्हणाला, "सर, अक्कांच्या नावावर लिवा की दोन-चार फेऱ्या जादा! बस सुरू हुईल. कोण बघतंय?"

"मी बघतोय," सर म्हणाले.

*

नात्यातल्या घरी आपण विचारायचं नाही, हा आमचा नियम. म्हणून मी गेले. जीप वाडीबाहेर थांबवून सर आतच बसून राहिले. "मी आलोय हे तिला कळलं तर ती माझ्या सोयीचं बोलेल. सांगू नकोस," म्हणाले. मला ते फार कठोर वाटलं.

अक्का गोठ्यातून हात पुसत आल्या. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, शेजारी सरांचा पदवीच्या झग्यातला फोटो. मी विचारलं, "काल कुठं गेला होतात?"

"कुटं न्हाय."

कागदावर मी शून्य लिहिलं. मग नवा प्रश्न विचारला.

"भावाकडं. कोल्हापुराला. लई दिस झालं त्येचं त्वांड बघून."

"मग का नाही गेलात?"

"सकाळी जायाला गाडी हाय. सांजचं परत यायाला न्हाय. म्हस एकटी सोडून ऱ्हाऊ व्हय?" आणि फोटोकडे बघत म्हणाल्या, "त्येला बी कामं असत्यात. त्यो तरी कुटं येनार?"

जीपपाशी येऊन मी सगळी उत्तरं जशीच्या तशी वाचून दाखवली. मला वाटलं, आता म्हणतील, "परत जा!"

सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला, जीपचं दार उघडलं आणि स्वतःच वाडीकडे चालू लागले.