दारूकोठारात अनवाणी
वडिलांनी बहरीनच्या जुन्या किल्ल्यातलं दारूकोठार पाहिलं, ते आई गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात. ओल्या चुन्याचा वास आला की तो शुक्रवार आठवतो. आल्यापासून ते माहूज भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी बसून होते. दुसऱ्या दिवशीच्या विमानाने ते परत जाणार होते, गावच्या घरात एकटे राहायला. किल्ल्याच्या दारात त्यांनी चपला काढल्या. पहारेकरी हसला, "बाबा, ये मस्जिद नहीं, किल्ला है." वडील म्हणाले, "मालूम है. हमारे उधर किल्ले पे चप्पल नहीं डालता." डागडुजी केलेल्या कोठारात गारवा होता. जाडजूड भिंतींतल्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या जमिनीवर उतरत होत्या आणि आमचा श्वासही घुमत होता. नव्या गिलाव्यावर तळवा टेकून वडील मान वर करून छताकडे बघत राहिले. बंद करायची वेळ झाली म्हणून पहारेकऱ्याने चाव्या वाजवल्या. "यल्ला बाबा, खलास!" "थांब रे, तोफ पळवून नेतोय काय मी?" वडील मराठीतच म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "इथं असे किल्ले अजून आहेत?" "आहेत की." "मग उद्याच्या विमानाचं काय करतोस?" मी तिथेच उभ्या उभ्या तिकीट महिनाभर पुढे ढकललं. यंदाच्या हिवाळ्यातही ते आमच्याकडे आले आहेत.