दरवर्षी पास होणारे कान

आमच्या ह्यांचे कान कंपनीच्या दप्तरी गेल्या वर्षापर्यंत विशीतच होते. बाकी देह पन्नाशी ओलांडून गेला, कान तेवढे मागे राहिले. अठ्ठावीस वर्षं छापखान्यात मशीन चालवलं, रोज थिनरच्या फडक्यानं रोलर पुसले, आणि दरवर्षी कानांच्या तपासणीत पहिल्या वर्गात पास!

युक्ती साधी होती. काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसायचं, आवाज आला की बोट वर करायचं. काचेपलीकडे नर्सबाई बटण दाबायच्या, हे त्यांच्या अंगठ्याकडे बघायचे. नापास झालेल्याला मशीनवरून उठवून गोदामात बसवतात, मग माणूस दुसरं काय करणार?

यंदा नर्सबाई गेल्या, कॉम्प्युटर आला. कॉम्प्युटरला अंगठा नसतो. हे नापास झाले आणि गोदामातसुद्धा न बसवता सरळ घरी पाठवले गेले.

बाहेरच्या डॉक्टरांनी सांगितलं, थिनरच्या वाफेनं कान आतून दुबळा होतो, त्यावर मशीनचा खडखडाट. दोन्ही मिळून कानाचं वाटोळं करतात. कंपनीत मात्र आवाज मोजणारा वेगळा, वाफ मोजणारा वेगळा. आवाज मर्यादेत, वाफही मर्यादेत. ते दोघे कधी एकत्र चहाला बसले असते तर बरं झालं असतं. वर शेरा असा: 'गेल्या वर्षापर्यंत कान उत्तम, सबब कारण घरगुती.' घरात मी एकटीच. म्हणजे बहिरं मीच केलं!

मी तरी कुठली शहाणी? मी बोलताना हे टक लावून तोंडाकडे बघायचे, आणि मी मैत्रिणींत मिरवायचे, इतक्या वर्षांनीही नजर हटत नाही म्हणून. माणूस ओठ वाचत होता.

कान कामापायी गेले, एवढं मान्य करा, असा अर्ज आम्ही कामगार कचेरीत केला. सुनावणीला निघताना मी कागदावर ठळक लिहून दिलं, 'साहेबांच्या तोंडाकडे बघायचं नाही.' ह्यांनी मान डोलावली.

साहेबांनी विचारलं, "मशीनवर किती वर्षं होतात?"

"अठ्ठावीस, साहेब."

"रोलर कशानं पुसायचात?"

"थिनरनं, साहेब."

"आणि आता काहीच ऐकू येत नाही?"

"काहीच नाही, साहेब."

साहेब हसले, दोन ओळी लिहिल्या आणि फाईल मिटली. मला रडू आवरेना. हे मात्र खुशीत माझ्याकडे वळले आणि माझ्या ओठांवर नजर लावून म्हणाले, "पास झालो ना?"