मळखाऊ जमीन

ब्लाउज शिवताना टाचणी हातातून सुटली. टिच् असा आवाज आला, पण टाचणी दिसेना. खाली नुसते ठिपके.

ही जमीन मीच हौसेने करून घेतली. कारागिराने मास्क लावून फवाऱ्याची बंदूक ओल्या लेपावर रोखली, तेव्हा करड्या, पांढऱ्या, काळ्या बारीक टिकल्या भराभर उडून चिकटत गेल्या. “ताई, एकदम मळखाऊ काम! यावर काहीही पडू दे, दिसणारच नाही,” तो म्हणाला होता. मी खूश झाले होते. आपल्याला सगळंच मळखाऊ हवं असतं. पडदे, साड्या, पाहुण्यांसमोरचं हसूसुद्धा. दिसलं नाही की ते नाहीच, असं आपण धरून चालतो.

पण टाचणी आहे. बॅटरी लावली, तर सगळेच ठिपके चमकले. निदान टोचेल तरी, म्हणून मी उघडा तळहात जमिनीवरून फिरवू लागले.

“आई, चिऊला जरा बघा हं,” म्हणत सुनेने माझ्या रांगत्या नातीला दारात खाली सोडलं.

“थांब!” मी ओरडले.

चिऊला तो खेळ वाटला. खिदळत ती आणखी भरभर माझ्याकडे निघाली.